विसरलेल्या वीस मेणबत्त्या : हॅम्बुर्गमधील एका आगमनकाळाची कथा

मराठी ख्रिस्ती समाजात चर्चच्या सभासदांच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात. हा शब्द धर्मशास्त्राच्या परिभाषेतून आलेला नाही. तो मराठी घरातूनच उचललेला आहे. ‘मंडळी जेवायला बसली’, ‘घरची मंडळी काय म्हणतात?’ अशा रोजच्या वापरातला हा शब्द उपासनेसाठी जमणाऱ्यांना लावला गेला, तेव्हा त्याच्यासोबत घरपणाची एक अपेक्षाही आपोआप आली. मंडळी म्हणजे एका पंगतीला बसणारे लोक. मग जे पंगतीला नाहीत, ज्यांना घरच नाही, त्यांचे मंडळीशी नाते काय? नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांत हा प्रश्न जितका टोकदार होतो तितका वर्षाच्या इतर काळात होत नसावा.

या चार आठवड्यांना मराठी ख्रिस्ती ‘आगमनकाळ’ म्हणतात. ख्रिस्ताच्या येण्याची वाट पाहण्याचा हा काळ. आज अनेक चर्चमध्ये या दिवसांत वेदीजवळ हिरव्या पानांचे एक कडे मांडलेले दिसते आणि त्यात चार मेणबत्त्या असतात. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, अशा त्या क्रमाने उजळत जातात. कॅथलिक चर्चमध्ये त्यांतल्या तीन बहुधा जांभळ्या आणि एक गुलाबी असते. हा विधी प्रथमच पाहणाऱ्याला ती प्रथा फार प्राचीन, निदान मध्ययुगीन तरी असावी असे वाटते. वस्तुतः तिचे वय अजून दोनशे वर्षेही झालेले नाही. तिचा जन्म एखाद्या कॅथीड्रलमध्ये झाला नाही. तो हॅम्बुर्ग शहराच्या वेशीबाहेर, रस्त्यावरून उचलून आणलेल्या मुलांच्या एका घरात झाला. आणि जन्माच्या वेळी त्या कड्यावर चार नव्हे, चोवीस मेणबत्त्या होत्या. उरलेल्या वीस कुठे गेल्या, हा प्रश्न वरवर पाहता सजावटीचा वाटतो. परंतु त्यात औदार्य या कल्पनेचाच एक इतिहास दडलेला आहे. प्रस्तुत लेखात तो थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न आहे.

व्रतापासून दिवाणखान्यापर्यंत

आगमनकाळाचे मूळ रूप उत्सवाचे नव्हते. पश्चिम युरोपात सहाव्या शतकापासून नाताळापूर्वी उपवास पाळण्याची चाल आढळते. काही प्रांतांत हा उपवास ११ नोव्हेंबरपासून, म्हणजे संत मार्टिनच्या सणापासून, सुरू होई. मार्टिन हा तोच सैनिक, ज्याने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला, अशी आख्यायिका आहे. उपवास, पश्चात्ताप आणि दान यांची सांगड या काळाला आरंभापासूनच घातलेली होती. आपल्या वाचकाला चातुर्मासाची आठवण व्हावी असे हे रूप आहे : काही वर्ज्य करायचे, काही नेम धरायचा आणि शेवटी सणाला पोहोचायचे.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीच्या प्रॉटेस्टंट शहरांत मात्र नाताळ झपाट्याने घरगुती सण होऊ लागला होता. सजवलेले झाड, बंद दाराआड मांडलेल्या भेटवस्तू, दार उघडताच डोळे दिपलेली मुले हे चित्र याच काळातले. ई. टी. ए. हॉफमन यांची नटक्रॅकरची प्रसिद्ध कथा १८१६ सालची. तिच्यातील मुले एका सुस्थित वैद्यकीय अधिकाऱ्याच्या घरची आहेत. शेजारच्या खोलीत काय चालले असेल याची ती अंधारात बसून उत्कंठेने वाट पाहतात. त्यांची उत्कंठा खरी आहे, पण तिच्यात भय नाही. दार उघडणारच, आत दिवे असणारच, हे त्यांना ठाऊक आहे. वाट पाहण्यातले सुख ज्याला मिळते त्याने आधी वचन पाळले जाण्याचा अनुभव घेतलेला असतो. ज्यांना तो अनुभव नाही, त्यांच्या नाताळाचे काय?

हा प्रश्न त्याच सुमारास एका लेखकासमोर उभा राहिला होता. योहानेस डानिएल फाल्क हे वायमारमधील उपरोधपर लेखन करणारे साहित्यिक. गटेच्या वर्तुळात त्यांचा वावर होता. नेपोलियनच्या युद्धांमागून आलेल्या साथीत १८१३ साली त्यांची चार मुले दगावली. त्याच वर्षी त्यांनी संकटात सापडलेल्यांसाठी एक मित्रमंडळ स्थापन केले आणि युद्धाने पोरकी झालेली मुले आपल्या घरात घेतली. ‘ओ दू फ्रोलिखे’ हे जर्मनीत आजही सर्वत्र गायिले जाणारे नाताळगीत फाल्क यांनी या मुलांसाठी एका सिसिलियन चालीवर रचले. मूळ गीत नाताळ, ईस्टर व पेंटेकॉस्ट अशा तिन्ही सणांचे होते. पुढे त्याचे नाताळगीत झाले. ज्या बापाने चार मुले पुरली त्याने परक्या मुलांसाठी आनंदाचे गीत लिहावे, ही घटना साहित्याच्या इतिहासात फारशी नोंदवली जात नाही. वायमारच्या साहित्यवैभवाचे वर्णन करताना फाल्क यांचे घर बहुधा तळटिपेत जाते.

संत गेओर्गची मंडळी

हॅम्बुर्ग हे श्रीमंत बंदर. तेथील दारिद्र्यनिवारणाची व्यवस्था अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपभर वाखाणली गेली होती. परंतु फ्रेंचांच्या अमलाने शहराचे कंबरडे मोडले. पुढच्या दोन दशकांत व्यापार सावरला, गरीब वस्त्या मात्र सावरल्या नाहीत. अरुंद बोळांत आणि तळघरांत कुटुंबे दाटीने राहत. मुले भीक मागत, किरकोळ चोऱ्या करत आणि पकडली गेली की तुरुंगात जात.

शहराच्या तटाबाहेरील संत गेओर्ग या उपनगरात योहान विल्हेल्म राउटेनबर्ग हे पाळक होते. १८२५ साली त्यांच्या मंडळीत गरीब मुलांसाठी रविवारची शाळा सुरू झाली. आज रविवारची शाळा म्हटले की आपल्यासमोर केवळ धर्मशिक्षण येते. त्या काळी आठवडाभर राबणाऱ्या मुलाला अक्षर ओळखण्याची तीच एक जागा होती. शाळेबरोबरच मुलांच्या घरी जाऊन भेटणाऱ्यांचा एक गट तयार झाला. १८३२ साली या कामात एक तरुण शिक्षक आला. त्याचे नाव योहान हिन्रिख विखर्न.

विखर्न यांचा जन्म १८०८ चा. ते पंधरा वर्षांचे असताना वडील वारले. सात भावंडांत ते थोरले. शिकवण्या करून त्यांनी घर चालवले, मग हितचिंतकांच्या मदतीने ग्यॉटिंगेन व बर्लिन येथे धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले. परत आल्यावर घरोघरच्या भेटींत जे पाहिले ते त्यांनी लिहून काढले. ‘हॅम्बुर्गचे खरे आणि गुप्त लोकजीवन’ अशा अर्थाचे शीर्षक असलेल्या या टिपणांत शहराने स्वतःपासूनच लपवलेले शहर आहे. शीर्षकातील ‘गुप्त’ हा शब्द बोलका आहे. दारिद्र्य अदृश्य नव्हते, ते पाहायला कोणी जात नव्हते. सामाजिक वास्तवाचे नोंदणीवजा लेखन हा प्रकार युरोपीय वाङ्मयात पुढे बहरला. त्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत या टिपणांची गणना करायला हरकत नसावी.

याच शहरात, याच सुमारास, एका स्त्रीनेही असेच पाऊल उचलले होते. १८३१ साली हॅम्बुर्गमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा आमाली झीवेकिंग या सिनेटरच्या मुलीने रुग्णालयात शुश्रूषेसाठी स्वतःहून प्रवेश केला. तिच्या वर्गातील स्त्रीने असे काही करणे तेव्हा विचित्र मानले गेले. पुढच्या वर्षी, १८३२ मध्ये, तिने गरीब व आजारी लोकांच्या सेवेसाठी स्त्रियांची संघटना काढली. सभासद स्त्रियांनी केवळ वर्गणी देऊन भागणार नव्हते. ठरलेल्या कुटुंबाकडे त्यांनी स्वतः आणि नेमाने जायचे होते. संत गेओर्गचा गट आणि ही स्त्रीसंघटना या दोहोंत एक गोष्ट समान दिसते. दोघांनीही दानातला पैसा दुय्यम मानला आणि वेळ प्रथम मागितला.

तरीही भेटी अपुऱ्या होत्या. रविवारी तासभर शिकलेला मुलगा संध्याकाळी त्याच तळघरात परतत होता. १२ सप्टेंबर १८३३ रोजी हॅम्बुर्गमध्ये झालेल्या जाहीर सभेत विखर्न यांनी अशा मुलांसाठी घर काढण्याची योजना मांडली. शहराच्या प्रशासनात वरिष्ठ पदावर असलेल्या कार्ल झीवेकिंग यांनी होर्न येथील आपली एक जुनी झोपडीवजा वास्तू व जागा दिली. लोक त्या वास्तूला ‘राउहेस हाउस’ म्हणत. शब्दशः अर्थ ‘खडबडीत घर’. पण ते नाव कुणा जुन्या मालकाच्या आडनावाचा अपभ्रंश असावे असे मानतात.

तीन मुलांपासून

३१ ऑक्टोबर १८३३ रोजी पंचवीस वर्षांचे विखर्न आपली आई व बहीण यांच्यासह त्या घरात राहायला गेले. ८ नोव्हेंबरला पहिली तीन मुले आली. वर्षअखेरीस मुलांची संख्या डझनावर गेली. त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार १ डिसेंबरला होता. म्हणजे घर मांडून जेमतेम महिना झाला असताना या नव्या मंडळीचा पहिला आगमनकाळ सुरू झाला.

त्या काळच्या सुधारगृहांपेक्षा या घराची रचना वेगळी होती. शेकडो मुलांना एका छपराखाली कोंडण्याऐवजी सुमारे बारा मुलांचे एक ‘कुटुंब’ केलेले असे आणि त्यांच्यासोबत एक तरुण ‘भाऊ’ राहत असे. मुले वाढली तशी नवी लहान घरे उभी राहिली. त्यांच्या बांधकामाला मुलांचेही हात लागले. १८३५ पासून मुलीही येऊ लागल्या. शेती, बागकाम, सुतारकाम, शिवणकाम, चर्मकाम आणि पुढे छपाई असे उद्योग तेथे शिकवले जात. घराला कुंपणाची भिंत नव्हती आणि दाराला कुलूप नव्हते. नव्याने आलेल्या मुलाला प्रथम सांगितले जाई की, त्याच्या मागील साऱ्या गोष्टींची क्षमा झालेली आहे. इथे त्याला बांधणारी साखळी एकच, ती प्रेमाची, आणि त्या प्रेमाचे माप धीर हे आहे.

यातला धीराचा उल्लेख मला महत्त्वाचा वाटतो. प्रेम किती, याचे उत्तर विखर्न भावनेच्या तीव्रतेत देत नाहीत, काळाच्या लांबीत देतात. पळून जाणारा मुलगा परत आला की पुन्हा घ्यायचा; पुन्हा पळाला की पुन्हा वाट पाहायची. ‘वाट पाहणे’ या मराठी वाक्प्रयोगातील ‘वाट’ येथे अक्षरशः रस्ता होते. बिनकुलपाच्या घरात राहणाऱ्यांना रस्त्याकडे डोळे लावून बसावेच लागते. आगमनकाळाचा धार्मिक अर्थ आणि या घराची दैनंदिन रीत यांत म्हणूनच फारसे अंतर नव्हते.

१८३९ चे लाकडी चाक

घर सहा वर्षांचे झाले तेव्हाची ही गोष्ट. परंपरेने सांगितली जाणारी कथा अशी की, आगमनकाळ लागला की मुले दररोज विचारत, ‘नाताळ आज आहे का?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून विखर्न यांनी एक लाकडी चाक घेतले, त्यावर मेणबत्त्या बसवल्या आणि ते प्रार्थनेच्या दालनात टांगले. चार मेणबत्त्या मोठ्या व पांढऱ्या, त्या रविवारच्या. वीस लहान व लाल, त्या इतर दिवसांच्या. रोजच्या प्रार्थनेला एकेक नवी मेणबत्ती पेटे आणि नाताळच्या पूर्वसंध्येला सारे चाक उजळून निघे.

वीस हा आकडा कोठून आला? आगमनकाळ नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो, त्यामुळे त्याची लांबी दरवर्षी बदलते. ती कमीत कमी बावीस आणि जास्तीत जास्त अठ्ठावीस दिवसांची असते. १८३९ साली पहिला रविवार १ डिसेंबरला आला, अगदी १८३३ प्रमाणेच. १ ते २४ डिसेंबर हे चोवीस दिवस, त्यांत १, ८, १५ व २२ हे चार रविवार, उरले वीस. चाकावरचे गणित पंचांगाला चोख जुळते. मूळ प्रथेत लहान मेणबत्त्यांची संख्या दर वर्षी अठरा ते चोवीस अशी कमीजास्त होत असणार, हे त्यावरून सहज समजते.

हे साधन किती साधे होते ते पाहण्यासारखे आहे. ज्याला तारीख वाचता येत नाही त्यालाही ते वाचता येते. न पेटलेल्या मेणबत्त्या मोजल्या की उरलेले दिवस कळतात. या मुलांच्या आधीच्या आयुष्यात उद्याचा दिवस हा भरवशाचा नव्हता. जेवण मिळेल का, बाप दारू पिऊन येईल का, घरभाडे न भरल्याने रस्त्यावर जावे लागेल का, हे कोणालाच ठाऊक नसे. अशा मुलाला ‘थोडे थांब’ असे सांगणे म्हणजे त्याच्या अनुभवानुसार ‘मिळणार नाही’ असे सांगणे. चाकाने त्याला एक वेगळी गोष्ट दाखवली. आज एक दिवा वाढला, काल सांगितले होते तसा. उद्या आणखी एक वाढेल. दिलेला शब्द पाळला जातो, हे चोवीस दिवस डोळ्यांदेखत सिद्ध होत गेले. मोठी देणगी देणारे शहरात पुष्कळ असतील. रोज एक लहान मेणबत्ती न चुकता लावणारे घर ही त्या मुलांना मिळालेली खरी भेट होती, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे दोन समकालीन कथा आठवल्यावाचून राहणार नाहीत. डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्यात एक कृपण म्हातारा एका रात्रीत बदलतो आणि सकाळी उठून कारकुनाच्या घरी मोठी टर्की पाठवतो. कथेच्या शेवटी त्याचा चांगुलपणा पुढेही टिकला असे आपल्याला सांगितले जाते, पण ते दाखवले जात नाही. कथेची सारी शक्ती त्या एका रात्रीवर खर्च झालेली असते. हान्स ख्रिश्चन अँडरसनची आगकाड्या विकणाऱ्या मुलीची कथा १८४५ च्या डिसेंबरातली. तीही वर्षाच्या शेवटच्या रात्री घडते. मुलगी भिंतीशी बसून एकामागून एक काडी ओढते. प्रत्येक काडीच्या उजेडात तिला शेगडी, पक्वान्न, झाड दिसते आणि काडी विझताच सारे नाहीसे होते. सकाळी ती गोठून मेलेली आढळते. अँडरसनच्या कथेतले उजेडही क्रमाने येतात, परंतु ते एकमेकांत मिळत नाहीत. प्रत्येक उजेड मागच्याला पुसून येतो. विखर्न यांच्या चाकावर कालचा दिवा आजच्या शेजारी पुन्हा पेटलेला असतो. पहिल्या कथेत औदार्य हा साक्षात्कार आहे, दुसरीत त्याचा अभाव ही शोकांतिका आहे. होर्नच्या घरात तो एक नेम होता, आणि नेमाची कथा लिहिणे कोणत्याही लेखकाला कठीण जाते, कारण तिच्यात एका दिवसासारखा दुसरा दिवस असतो.

औदार्याची मर्यादा

येथवर वाचल्यावर एक शंका सुजाण वाचकाच्या मनात येईल, आणि ती यायलाच हवी. मेणबत्त्यांनी दारिद्र्य हटते काय?

योगायोग असा की १८३९ च्याच वसंतात शेजारच्या प्रशियाने मुलांच्या कामासंबंधी पहिला कायदा केला. नऊ वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामाला लावण्यास त्याने बंदी घातली आणि सोळा वर्षांखालील मुलांच्या कामाची मर्यादा दिवसाला दहा तास ठरवली. दहा तास! आज हा आकडा अंगावर काटा आणतो, पण त्या वेळी तो दिलासा होता. त्या वर्षी मुलांचे तास मोजणारा कायदा आणि मुलांचे दिवस मोजणारे चाक अशा दोन मोजण्या सुरू झाल्या. कायदा हजारो अनोळखी मुलांसाठी होता, चाक मूठभर ओळखीच्या मुलांसाठी. यांपैकी कोणती मोजणी अधिक मोलाची, याचे उत्तर सोपे नाही. पण कायद्याची जागा चाक घेऊ शकत नाही, एवढे निश्चित.

विखर्न यांना हे कितपत पटले असते? १८४८ च्या फेब्रुवारीत मार्क्स व एंगल्स यांचा जाहीरनामा लंडनमध्ये निघाला. त्यात ख्रिस्ती समाजवादाची संभावना कडवट उपहासाने केलेली आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, क्रांतीच्या धामधुमीत, विखर्न यांनी विटेनबर्ग येथे चर्चपुढाऱ्यांच्या परिषदेत ते गाजलेले भाषण केले, ज्यातून ‘अंतर्गत मिशन’ या नावाची सेवासंघटना जर्मनीभर उभी राहिली. श्रद्धा जितकी चर्चची, तितकेच प्रेमही चर्चचे आहे हे चर्चने उघडपणे कबूल करावे, असा त्यांचा आग्रह होता. स्वतःच्या मंडळीला इतक्या स्पष्टपणे जाब विचारणारे थोडेच असतात. परंतु क्रांतीकडे ते अश्रद्धेचे फळ म्हणून पाहत. दारिद्र्याच्या मुळाशी त्यांना मजुरीपेक्षा पाप अधिक दिसे. पुढे १८५७ पासून ते प्रशियाच्या गृहखात्यात तुरुंगसुधारणेचे अधिकारी झाले. राजसत्तेच्या आश्रयाने सुधारणा करता येईल, हा त्यांचा विश्वास. ज्याला मदत करायची त्याने हक्क मागू नये, ही अपेक्षा एकोणिसाव्या शतकातील बऱ्याच दयाळू माणसांप्रमाणे त्यांच्याही मनात होती.

हे लपवण्याचे कारण नाही. दया ही न्यायाची जागा अडवू लागली की तिचे रूप बिघडते. तथापि उलट बाजूही तितकीच खरी आहे. न्याय्य कायदा झाल्यावरही एखाद्या मुलाच्या शेजारी रोज संध्याकाळी कोणी तरी बसावे लागते. ते काम कायदा करीत नाही. विखर्न यांचे राजकारण आज आपल्याला मान्य होणार नाही. त्यांच्या घरातला संध्याकाळचा नेम मात्र त्या राजकारणासोबत रद्दबातल ठरत नाही.

वीस मेणबत्त्या गळाल्या त्या अशा

विखर्न यांनी १८५८ मध्ये बर्लिनमध्ये योहानेसश्टिफ्ट ही संस्था स्थापन केली आणि चाकाची प्रथा हॅम्बुर्गहून तेथे गेली. १८६० च्या सुमारास चाकाला फरच्या हिरव्या डहाळ्या गुंडाळल्या जाऊ लागल्या. प्रथा हळूहळू घराघरांत पोहोचली. घरातल्या मेजावर चोवीस मेणबत्त्यांचे चाक मावत नाही आणि परवडतही नाही. मग लहान कड्यावर फक्त रविवारच्या चार उरल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे कडे प्रॉटेस्टंट चर्चमध्ये रूढ झाले. १९२५ साली कोलोनमधील एका कॅथलिक चर्चमध्ये ते आले. तेथून ते जगभर, आपल्याकडच्या चर्चपर्यंत, पोहोचले. वाटेत चारही मेणबत्त्यांना आशा, शांती, आनंद, प्रेम असे अर्थ जोडले गेले.

या प्रवासात जे गळाले ते पाहा. रविवारच्या मेणबत्त्या टिकल्या, सोमवार ते शनिवारच्या गेल्या. उपासनेचे दिवस राहिले, कामाचे दिवस सुटले. यात कोणाचा दोष नाही. सोय ही प्रत्येक प्रथेला घासून लहान करतेच. परंतु मूळ चाकावर लहान लाल मेणबत्त्यांची संख्या मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्यांच्या पाचपट होती, हे विसरले की त्या चाकाचा अर्थच बदलतो. संत गेओर्गच्या मंडळीला जे उमगले होते ते हेच होते की रविवारची शाळा पुरत नाही, मंगळवारी आणि गुरुवारीही मुलाला घर लागते.

महाराष्ट्राशी या कथेचा थेट धागा नाही, पण एक आडवाटेचा आहे. जर्मनीतील अनाथसेवेची परंपरा विखर्न यांच्याही आधी हाले येथे ऑगस्ट हेरमान फ्रांके यांनी १६९५ पासून रुजवली होती. हाले येथेच शिकलेल्या जॉर्ज म्यूलर यांनी फ्रांके यांचे चरित्र वाचून इंग्लंडमधील ब्रिस्टलला १८३६ साली अनाथगृह उघडले. आणि म्यूलर यांचे अनुभव वाचून ज्यांना बळ मिळाले, त्यांत पंडिता रमाबाई होत्या. त्यांनी आपल्या आत्मकथनपर लेखनात तसे नमूद केले आहे. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी उपाशी मुली केडगावला आणल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील १८७४ साली उपासमारीने गेले होते. ज्या दारावर त्या मुली उभ्या होत्या त्या दाराबाहेर रमाबाई स्वतः एकदा उभ्या होत्या. मुक्तिसदनातही शेती, विणकाम, छपाई असे उद्योग उभे राहिले. होर्न आणि केडगाव यांनी एकमेकांना पाहिले नव्हते. तरी दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता आणि उत्तरही पुष्कळसे सारखे निघाले. मुलांना अन्नछत्र नको होते, घर हवे होते.

विखर्न ७ एप्रिल १८८१ रोजी वारले. १९४३ च्या बॉम्बवर्षावात राउहेस हाउसच्या बहुतेक इमारती नष्ट झाल्या. संस्था पुन्हा उभी राहिली आणि आजही काम करते आहे. जर्मनीत काही ठिकाणी आगमनकाळात जुन्या पद्धतीचे मोठे चाक अजून टांगले जाते, पांढऱ्या मोठ्या आणि लाल लहान मेणबत्त्यांसह. इतरत्र, आपल्याकडेही, चारच दिसतात. त्या चार उजळलेल्या पाहताना मधल्या मोकळ्या जागाही मोजाव्यात. पहिल्या रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत सहा दिवस असतात, आणि एखादी मंडळी किती उदार आहे हे त्या सहा दिवसांवरून ओळखायचे असते.